घरसामानाचं सरहद्दीपार स्थलांतर (मराठवाडा)

एका देशातलं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या देशात नेणं आणि मधल्या नाक्यावर ते कस्टममधून सोडवून घेणं, याबद्दलची ही नोंद. आता मराठवाड्यात हा विषय निघाला की दुबई, सौदी नाहीतर अमेरिकेहून परत आलेलं कुटुंब आणि न्हावाशेवा बंदरात अडकलेले खोके एवढंच समोर येतं. पण इथं जकातीची हद्द ओलांडणं त्याच्या कितीतरी आधीचं आहे, 1948 पर्यंत लातूरहून बार्शीला किंवा कायगाववरून गोदावरी ओलांडून टोक्याला जाणं म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातून इंग्रजी मुलखात (नंतर भारतात) जाणं होतं.

संस्थानाच्या जकात खात्याला करोडगिरी म्हणायचे. निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनीत 1802 साली व्यापारी तह झाला त्यात मालावर शेकडा 5 जकात ठरली होती. खातं नेमकं कधी उभं राहिलं याला एकच साल चिकटवणं अवघड आहे, आधी वसुली मक्त्यानं दिली जायची, पहिले सालारजंग 1853 मध्ये दिवाण झाले आणि त्यांच्या सुधारणांत ती हळूहळू सरकारी नोकरांकडं आली, त्यामुळं एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध म्हणलेलं जास्त सुरक्षित. करोडगिरीचं खरं लक्ष बाहेर जाणाऱ्या कापूस-तेलबियांवर आणि आत येणाऱ्या कापडावर. बिऱ्हाडवाल्याला दुसरा घोळ पैशाचा, इकडं हाली सिक्का (निजामाचा रुपया), तिकडं कलदार (इंग्रजी रुपया), आणि साधारण 7 हाली म्हणजे 6 कलदार असा हिशोब. बार्शी लाईट रेल्वेची छोटी लाईन 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, 1911 पर्यंत लातूरला पोचली, आणि पेट्या-भांड्यांसकट माणसं त्याच गाडीनं हद्द ओलांडायला लागली.

ही हद्द आंतरराष्ट्रीय होती का यावर मात्र वाद आहे. 15 ऑगस्ट 1947 आधी प्रश्नच नव्हता, संस्थान ब्रिटिश सार्वभौमत्वाखाली होतं. भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या कलम 7 नं ते सार्वभौमत्व संपलं, म्हणून संस्थान आपोआप स्वतंत्र झालं असं निजामाच्या बाजूचे वकील म्हणायचे. भारत सरकारला ते कधीच मान्य नव्हतं, त्यांच्या मते हैदराबादला आंतरराष्ट्रीय दर्जाच नव्हता. 29 नोव्हेंबर 1947 चा भारत आणि हैदराबादमधला जैसे थे करार (आधीची व्यवस्था तात्पुरती तशीच चालू ठेवायचा) दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं वाचतात. ऑगस्ट 1948 मध्ये निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार केली, ती 16 सप्टेंबरला चर्चेला आली आणि दुसऱ्याच दिवशी निजामानं शरणागती दिली, त्यामुळं तिथूनही निकाल असा लागला नाही. कागदोपत्री भारत सरकारची बाजू जास्त भक्कम वाटते, पण नाक्यावर उभ्या माणसासाठी ते तेरा महिने हद्द परदेशाचीच होती. रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद संघटनेच्या) धाकानं बरीच कुटुंबं जेवढं उचलता येईल तेवढं घेऊन बार्शी, सोलापूर, मनमाडकडं निघून गेली, आणि सरहद्दीवरच्या कॅम्पांतल्या, निजामाविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाके जाळले.

विलीनीकरणाबरोबर जकात लगेच संपली असं बरेचजण धरून चालतात, तसं नाही. राज्यघटनेच्या कलम 306 नं ‘ब’ गटातल्या (हैदराबादसारख्या जुन्या संस्थानांच्या) राज्यांना केंद्राशी करार करून अशी जकात चालू ठेवायची मुभा दिली होती, ते कलम 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीत काढलं.

आता परदेशातून कायमचं परत येणाऱ्याचं सामान सीमाशुल्क कायदा 1962 खाली येतं, आणि सगळे ज्याला नुसतं ‘टीआर’ म्हणतात ती ट्रान्सफर ऑफ रेसिडन्सची सवलत बॅगेज रूल्समध्ये असते. 2016 च्या नियमांत निदान 2 वर्षं बाहेर राहिलेल्याला 5 लाखांपर्यंतचं सामान माफ होतं, त्या 2 वर्षांत भारतातल्या चकरा सगळ्या मिळून 6 महिन्यांच्या वर चालत नव्हत्या आणि मागच्या 3 वर्षांत ही सवलत घेतलेली चालत नव्हती (2026 मध्ये नवे बॅगेज रूल्स आले, निघायच्या आधी चालू नियम बघावेत). मागून येणारं सामान त्या नियमांत आपण पोचल्यावर महिनाभरात तिकडून निघायला लागायचं. पासपोर्टवरचे शिक्के, सामानाची यादी, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीनं माल घेतल्याची पावती) हे कागद लागतात. यादीत नुसतं ‘किचनचं सामान’ लिहिलं की खोका उघडलाच म्हणून समजा.

उलट दिशेला, म्हणजे इकडून नेताना, जुन्या वस्तू आडव्या येतात. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं 100 वर्षांपेक्षा जुनी वस्तू आणि 75 वर्षांपेक्षा जुनी महत्त्वाची हस्तलिखितं देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळं पणजोबांचा बिदरी हुक्का, देव्हाऱ्यातल्या पितळी मूर्ती, हातानं लिहिलेल्या पोथ्या यांच्यासाठी पुरातत्त्व खात्याकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला आधी घ्यावा लागतो, आणि वस्तू खरंच तेवढी जुनी निघाली तर ती घरीच ठेवावी लागते.