मुंबईत रात्रभर वाजवलेले गाणे ‘हॉट १००’मध्ये धरत नाहीत

बीटीएस या दक्षिण कोरियन गायकसमूहाच्या एखाद्या सदस्याचे एकल गाणे आले की दादर-ठाण्यातल्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच जुना निरोप फिरू लागतो: रात्रभर गाणे चालू ठेवा, म्हणजे ते बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या ‘हॉट १००’ या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वर चढेल. हा समज चुकीचा आहे. ही यादी केवळ अमेरिकेतील स्ट्रीमिंग, तेथील रेडिओचा श्रोतृवर्ग आणि तेथील विक्री यांवर ठरते. मुंबईतले स्ट्रीमिंग २०२० साली सुरू झालेल्या ‘ग्लोबल २००’ या वेगळ्या यादीत जमा होते.

एप्रिल २०२३मध्ये बीटीएसच्या जिमिनचे ‘लाइक क्रेझी’ थेट पहिल्या क्रमांकावर आले, तेव्हा त्या आठवड्यात अमेरिकेत डाउनलोड आणि सीडी मिळून त्याच्या सुमारे २ लाख ५४ हजार प्रती विकल्या गेल्या होत्या, स्ट्रीम साधारण १ कोटी होते आणि रेडिओवर तर ते जवळजवळ वाजलेच नव्हते. पुढच्याच आठवड्यात ते ४५व्या स्थानी घसरले. यात कटकारस्थान शोधणारे पुष्कळ भेटतात. परंतु पहिल्या आठवड्यात हौसेने विकत घेतलेले गाणे सहसा कोणी दुसऱ्यांदा विकत घेत नाही, आणि विक्री आटल्यावर तोल सावरायला रेडिओ पाठीशी नव्हता.