पंप प्रेशर देत नाही, ओंडका देतो

अमेरिका, कॅनडा आणि उत्तर युरोपातल्या थंड मुलखात आजही पुष्कळ घरं लाकूड जाळून उबदार ठेवली जातात. तिथल्या शेतांवर ट्रॅक्टरमागे ओंडके फोडायचं यंत्र जोडलेलं दिसतं. एक पोलादी गर्डर, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला हायड्रॉलिक सिलिंडर. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे इंजिनाच्या ताकदीवर फिरणाऱ्या शाफ्टवर चालणारा गिअर पंप सिलिंडरमध्ये ऑइल ढकलतो आणि सिलिंडरचा दांडा ओंडक्याला पाचरीवर रेटतो. आपल्याकडे डंपिंग ट्रॉली उचलणारा जॅकही याच तत्त्वावर चालतो, त्यामुळे दुखणीही बरीचशी तीच.

यंत्र अडलं की पहिला संशय पंपावर जातो. ‘प्रेशर नाही, पंप गेला.’ इथेच गफलत होते. पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल पुढे ढकलतो. प्रेशर तयार होतं ते त्या ऑइलची वाट अडल्यावर. प्रेशर दाखवणाऱ्या गेजकडे नीट पाहिलं तर हे दिसतं. दांडा मोकळा सरकताना सुई शून्याच्या जरा वर असते. सरळ धाग्याचा ओंडका लागला की ती चढते आणि लाकूड तडकताच झपकन खाली येते. गाठ आली तर मात्र चढतच राहते, अगदी रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडून देणारा व्हॉल्व्ह, उघडेपर्यंत. तो 175 बारला (बार हे दाबाचं एकक) उघडत असेल आणि सिलिंडरचा आतला व्यास 100 मिलिमीटर असेल, तर पाचरीवर सुमारे 14 टनांचा रेटा येतो.

म्हणून आधी ठरवायचं की यंत्र हळू चालतंय की कमी ताकदीने. हळू चालत असेल तर कदाचित काहीच बिघडलेलं नसेल. पीटीओचे फेरे मिनिटाला 540. एका फेऱ्यात 25 घनसेंटिमीटर ऑइल देणारा पंप थेट त्यावर बसवला, तर मिनिटाला 13.5 लिटर मिळतात. वर सांगितलेल्या सिलिंडरचा 60 सेंटिमीटरचा दांडा पूर्ण बाहेर यायला 4.7 लिटर लागतात, म्हणजे जवळपास 21 सेकंद. फेरे तिप्पट करणारा गिअरबॉक्स मध्ये घातला की हेच काम 7 सेकंदांत होतं. ताकद तेवढीच राहते, इंजिनावरचा भार मात्र तिप्पट होतो.

पंप किरकिरत असेल, आतून खडे फिरल्यासारखा आवाज येत असेल, तर ऑइल येण्याच्या बाजूला बघा. पंप ऑइल ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर टाकीतल्या ऑइलला पंपाकडे ढकलतो तो हवेचा दाब, आणि तो मोजून एक बार. बाहेरच्या बाजूला पावणेदोनशे बार सोसणाऱ्या पंपाला आतल्या बाजूला एवढाच आधार असतो. सक्शनचा, म्हणजे टाकीतून पंपाकडे येणारा, होज बारीक किंवा लांब असला, फिल्टर तुंबला, थंडीत ऑइल घट्ट झालं, की पंप उपाशी राहतो. मग ऑइलमध्ये बुडबुडे धरतात आणि प्रेशरच्या बाजूला गेल्यावर फुटतात. त्यांच्या माऱ्याने धातूचे कण उडतात.

सक्शनच्या ढिल्या क्लॅम्पमधून हवा शिरली तरी आवाज येतो. अशा जोडावर थोडं ऑइल ओतलं की आवाज क्षणभर बदलतो आणि जागा सापडते. टाकीतलं ऑइल दुधाळ दिसलं तर काचेच्या ग्लासात काढून ठेवा. हवा असेल तर काही वेळात तळापासून वर नितळ होत जातं, पाणी कालवलेलं असेल तर दुधाळच राहतं.

प्रेशरच्या बाजूची गळती मात्र हाताने कधीही चाचपू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून येणारी ऑइलची धार कातडीतून थेट आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आत शिरलेल्या ऑइलमुळे बोट किंवा हातही गमवावा लागू शकतो. तात्काळ शस्त्रक्रिया करू शकणारं हॉस्पिटल गाठावं लागतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

आवाज नाही, वेगही ठीक, तरी गाठीवर दम पडत नसेल, तर पंप आणि दांडा पुढेमागे करणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हच्या मधल्या लाइनवर गेज लावा. गेज नसताना पंप बदलणं म्हणजे पैसे पणाला लावणं, असं माझं स्पष्ट मत आहे. दांडा पूर्ण बाहेर काढून तसाच रेटून धरा. सुई रिलीफ व्हॉल्व्हच्या ठरल्या आकड्यापर्यंत जात नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह, पिस्टनचं सील आणि पंप, असे तीन संशयित उरतात. रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला असेल तर साफ करून चालतं. सील तपासायला इंजिन बंद करून लाइनमधलं प्रेशर सोडा, दांड्याच्या बाजूचा होज काढून त्याचं तोंड प्लगने बंद करा आणि पुन्हा रेटा. उघड्या पोर्टमधून ऑइल वाहत राहिलं तर सील गेलंय, पंप निर्दोष. हे दोन्ही ठीक निघाले तरच पंपावर या. झिजलेला पंप सकाळी थंड ऑइलवर बरा चालतो आणि ऑइल तापून पातळ झालं की ढेपाळतो.

नवा पंप आणताना फिरण्याची दिशा तपासा. ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून पाहिलं तर पीटीओ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. पंपाची दिशा मात्र त्याच्या शाफ्टच्या टोकाकडून पाहून सांगतात, त्यामुळे थेट बसणारा पंप काट्यांच्या उलट दिशेचा लागतो. मध्ये एका जोडीचा गिअरबॉक्स असेल तर दिशा पुन्हा उलटते. चुकीच्या दिशेचा पंप फिरला की सक्शनच्या बाजूला प्रेशर येतं आणि शाफ्टचं ऑइल सील बाहेर फेकलं जातं. दिशा जुळली की बसवण्याआधी पंपात ऑइल भरा, कारण कोरड्या गिअरना ओरखडे पडायला वेळ लागत नाही.