ठासणीची दारू आणि काडतुसातली दारू

"काका, शेजारच्यांच्या बारा बोअर बंदुकीचं एक काडतूस फोडून त्यातली दारू आबांच्या ठासणीत भरली, तर बार उडेल का?" मंगळवेढ्याजवळच्या आमच्या रानात पुतण्याने हे विचारलं आणि माझ्या हातातला चहा हातातच राहिला. पोराचं काही चुकलं नव्हतं. आपण सगळ्यालाच दारू म्हणतो. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर होतं ते शोभेचं दारूकाम, भुईकोट किल्ल्यावरच्या तोफांत ठासत ती दारू, आणि आजच्या रायफलीच्या काडतुसात असते तीही दारूच. पण त्याने विचारलं तसं कुणी खरंच केलं तर नळी फुटेल, आणि तिच्यासोबत बोटं किंवा डोळा जाईल.

ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायच्या बंदुकीत, लागते ती काळी दारू. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं ते मिश्रण. जळताना हवेतल्या प्राणवायूची वाट बघत नाही, कारण तो सोऱ्यातूनच मिळतो. मात्र जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घनच राहतो. काही पांढऱ्या धुराच्या लोटातून बाहेर पडतो, उरलेला नळीला चिकटतो. १८१८च्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या मन्रोच्या फौजेने पेशव्यांकडून सोलापूर घेतलं तेव्हा दोन्ही बाजूंकडे हीच दारू होती. दुसरी कुठली अजून जन्माला यायची होती.

आबा ही बंदूक पीक-संरक्षणाच्या परवान्यावर बाळगायचे. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं आणि रानडुकरं हुसकवायला नुसत्या आवाजाचे बार काढायचे. त्या रात्री घरी आल्यावर जेवणाआधी काम एकच, नळी धुणं. आजी चुलीवर पाणी कढत करून द्यायची. आबा ते नळीत ओतायचे आणि गजाला चिंधी गुंडाळून वरखाली घासायचे. खालून शाईसारखं काळं पाणी यायचं आणि सडक्या अंड्याचा वास अंगणभर पसरायचा. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला ते नितळ व्हायचं, मग पुसून तेलाचा हात. हे सकाळवर टाकलं तर ती काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड गंजायला लागतं. शेजारचे अण्णा मात्र बारा बोअर मध्ये मोडून उघडायचे, तेलाचा फडका दोनदा फिरवायचे आणि झालं. लहानपणी मला वाटायचं, अण्णा आळशी आहेत.

अण्णांच्या काडतुसात बिनधुराची दारू असायची. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या तंतूवर नत्राम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. काही प्रकारांत नायट्रोग्लिसरीनही असतं. ती जवळजवळ सगळी वायूच होते, म्हणून धूर नावापुरता. हा पदार्थ १८४६पासून माहीत होता, पण भसकन जळून बंदुकाच फोडायचा. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने तो विरघळवून घट्ट लगदा केला आणि त्याच्या चकत्या पाडल्या. दाणा घट्ट झाल्यावर तो बाहेरून आत, थराथराने जळू लागला. तिथून दाण्याचा आकार आणि त्यावरचा लेप बदलून जळण्याचा वेग ठरवता येऊ लागला.

पुतण्याच्या प्रश्नाचं उत्तर या वेगात आहे. काळी दारू नळीत दाब वाढला म्हणून फारशी बिथरत नाही. बिनधुराची दारू उघड्यावर शांतपणे जळते, पण कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की ती आणखी जोरात जळते, आणि त्याने दाब पुन्हा वाढतो. आजची रायफल हा दाब गृहीत धरून बनवलेली असते. आबांची नळी नव्हे. त्यात ठासणीचा बार शिंगाने किंवा मापाने भरतात, वजनाने नाही. त्याच मापाने ही दारू पडली तर खूपच जास्त ताकद आत गेली. किती फरक पडतो ते थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसावरून कळतं. १८८८मध्ये ते आलं तेव्हा त्यात दाबून बसवलेली सुमारे ७० ग्रेन (दारू तोलायचं बारीक वजन) काळी दारू होती. थोड्याच वर्षांत तिच्या जागी कॉर्डाइट ही बिनधुराची दारू आली, तीही सुमारे ३० ग्रेन, आणि एवढ्यातच गोळी आधीपेक्षा वेगाने जाऊ लागली.

ओळखायचं कसं? रंगावर तर मुळीच जाऊ नका. बिनधुराच्या दाण्यांवर बहुधा ग्रॅफाइट चढवलेलं असतं, म्हणून तेही काळपट, चकचकीत दिसतात. काळ्या दारूचे दाणे फोडलेल्या कोळशाच्या कणीसारखे वेडेवाकडे, तर बिनधुराचे एकसारखे: बारीक चकत्या, गोल मणी किंवा कापलेल्या शेवयांसारखे तुकडे. पण या खुणेवरही भरवसा ठेवून बार भरू नये. मूळ डबा आणि त्यावरची चिठ्ठी हीच ओळख.

बरं, बिनधुराची सगळी दारू तरी एक आहे का? अमेरिकेत लोक उडवलेल्या काडतुसांची रिकामी नळकांडी घरी पुन्हा भरतात, आणि सगळ्या रायफलींना चालेल असा एकच डबा कोणता, हा तिथला नेहमीचा प्रश्न. छोट्या काडतुसाला भरभर जळणारी दारू लागते, मोठ्या काडतुसाच्या जड गोळीला सावकाश जळणारी. म्हणून मधल्या वेगाची दारू घेतात. ४८९५ हा त्यातला जुना, भरवशाचा नंबर, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या गरँड रायफलीच्या काडतुसांत वापरलेला. पण आज त्याच नंबराचे दोन डबे मिळतात, एक आयएमआर या छापाचा आणि एक हॉजडन या छापाचा. वेग जवळपास सारखा, तरी एकाचं कोष्टक, म्हणजे किती दारू भरायची त्याचा तक्ता, दुसऱ्याला लावत नाहीत. माझ्या मते बहुउपयोगी या शब्दाचा अर्थ एवढाच घ्यावा की ती बऱ्याच काडतुसांना चालते, कोष्टक मात्र प्रत्येकाचं वेगळं. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे काडतूस बनवायला परवाना लागतो. हा घरी करून बघायचा उद्योग नाही.

साठवणीतही दोघींचे शत्रू वेगळे. काळ्या दारूला ओल सोसत नाही आणि ठिणगी तर नाहीच. कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकते. बिनधुराच्या दारूला उष्णता खाते. सोलापूरच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर आणि वर पत्र्याचं छप्पर, म्हणजे तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. डबा उघडल्यावर आंबूस वास आला किंवा तांबूस वाफ दिसली, तर ती कुजायला लागली आहे.

आबा गेल्यावर माळ्यावर एक चिठ्ठी नसलेला डबा निघाला होता. आत काळपट दाणे. बंदूक आणि परवाना थोरल्या भावाच्या नावावर करताना त्याने त्या डब्याची माहिती पोलीस ठाण्यात दिली आणि तो तिथेच जमा झाला. आत कुठली दारू होती ते आम्ही कुणीच सांगू शकलो नाही. परवा पुतण्याने बंदुकीच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूने पांढऱ्या रंगाने लिहिलं, "फक्त काळी". 'फक्त' खाली त्याने दोन रेघा ओढल्या आहेत.