बोलक्या रानप्राण्यांची नावं: करटक-दमनकापासून कल्पित रानापर्यंत

इसापनीतीतला कोल्हा नुसता कोल्हाच असतो. एका गोष्टीत त्याला द्राक्षं आंबट लागतात, दुसरीत तो कावळ्याच्या चोचीतला घास पळवतो, आणि हे दोन्ही कोल्हे एकच की वेगळे, असा प्रश्न कुणाला पडत नाही. प्राणी एकदाच येतो, काम करतो, जातो. नावाची गरज लागते ती तोच प्राणी पुन्हा येणार असेल तेव्हा, किंवा एकाच जातीचे दोघे समोरासमोर उभे असतील तेव्हा.

पंचतंत्रात ही वेळ पहिल्याच तंत्रात येते. पिंगलक सिंहाच्या पदरी दोन कोल्हे आहेत, एक सावध आणि एक महत्त्वाकांक्षी, आणि दोघांचा वाद लांबलचक चालतो. ‘कोल्हा म्हणाला’ असं लिहून इथे भागत नाही, म्हणून करटक आणि दमनक. बाकीच्यांची नावं पाडण्याची रीतही ठरलेली दिसते. सर्वांत जास्त चालतो तो बहुव्रीही समास, बहुधा अवयव आणि त्याचं विशेषण: कबुतरांचा राजा चित्रग्रीव, म्हणजे रंगीबेरंगी मानेचा, कासव कंबुग्रीव, वानर रक्तमुख आणि त्याच्यासमोरचा मगर करालमुख. हितोपदेशातलं मांजर दीर्घकर्णही याच साच्यातलं. दुसरी तऱ्हा चालीवरून किंवा उडण्यावरून नाव ठेवण्याची: लघुपतनक कावळा, मंथरक कासव. तिसऱ्या तऱ्हेत स्वभावच नावात सांगून टाकलेला असतो. अनागतविधाता (संकटाची आधीच तजवीज करणारा), प्रत्युत्पन्नमति (ऐनवेळी युक्ती सुचणारा) आणि यद्भविष्य (जे व्हायचं ते होईल म्हणणारा) हे तीन मासे ऐकले की कोळ्याच्या जाळ्यात कोण मरणार हे कळतंच.

मंथरकाकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. चित्रांग हरीण फाशात अडकतं, हिरण्यक उंदीर फास कुरतडतो, आणि मित्राच्या काळजीने कासवही पाणी सोडून तिथे येतं. पारधी दिसताच हरीण पळतं, कावळा उडतो, उंदीर बिळात शिरतो. हळू चालणारा मंथरक तेवढा हाती लागतो. नाव इथे कथानकाचा खिळा आहे. ही चलाखी छोट्या कथेत शोभते. तीनशे पानांच्या कादंबरीत पहिल्याच प्रकरणात कुणाला यद्भविष्य म्हटलं, तर पुढची पानं वाचायला कारण उरत नाही.

सहाव्या शतकात बुर्झोय या इराणी वैद्याने पंचतंत्र पहलवीत, म्हणजे त्या काळच्या फारसीत नेलं आणि आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने पहलवीतून अरबीत. वाटेत करटक-दमनकाचे कलीला आणि दिम्ना झाले, संजीवक बैलाचा शंझबा झाला. अर्थ गळून गेले, तरी ग्रंथ चालला आणि पुढे कलीला-दिम्ना याच नावाने गाजला. दोन प्रतिस्पर्ध्यांची नावं कानाला वेगळी लागली की वाचकाची अर्थाबद्दल फारशी तक्रार नसते, याचा यापेक्षा जुना पुरावा मिळणं कठीण.

युरोपात मोठं वळण आलं बाराव्या शतकात. त्या शतकाच्या मध्यावर रचलेल्या एका लॅटिन काव्यात लांडगा इसेंग्रिमस आणि कोल्हा रेनार्डस हे हाडवैरी आहेत. पुढे फ्रेंच कथाचक्रात ते इझेंग्रिन आणि रेनार होतात. रेनार हे माणसाचं, जर्मानिक वळणाचं सरळ नाव होतं. दरबारातल्या इतरांना मात्र जुन्याच पद्धतीची गुणदर्शक नावं मिळाली: सिंह नोबल म्हणजे उमदा, ससा कुआर म्हणजे भित्रा, कोंबडा शांतक्लेर म्हणजे खणखणीत गाणारा, अस्वल ब्रुन म्हणजे तपकिरी. मुख्य वैऱ्यांना माणसांची नावं आणि बाकीच्यांना बिल्ले, ही विभागणी आजही उपयोगी आहे, कारण ज्याच्यावर बिल्ला नाही त्याच्याकडूनच वाचक काहीतरी अनपेक्षित घडण्याची वाट पाहतो. रेनार इतका लोकप्रिय झाला की फ्रेंचमधला कोल्ह्याचा मूळ शब्द ‘गुपी’ मागे पडून त्याचं नावच जातिवाचक झालं. (अस्वलाची गंमत वेगळीच. खरं नाव घेतलं तर ते येऊन उभं राहील, या भीतीने उत्तर युरोपातल्या लोकांनी त्याला आडून हाक मारायला सुरुवात केली, असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात. स्लाव्ह भाषांत ते ‘मध खाणारा’ झालं.)

त्यानंतरची काही शतकं या विषयात फारसं नवं घडलं नाही. रेनारचीच भाषांतरं आणि नकला चालू राहिल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला किपलिंगने 1894च्या ‘जंगल बुक’मध्ये हिंदुस्तानी शब्द उचलले: बलू, बघीरा, अकेला, हाथी. इंग्रज वाचकाला त्यात गूढ वाटलं. आपल्याला हत्तीचं नाव हत्तीच ठेवलेलं दिसतं. त्याची खरी नवी भर आवाजाची. ‘का’ हे अजगराच्या उघड्या तोंडाच्या फुत्कारावरून बनवलेलं नाव आहे, आणि रिक्की-टिक्की-टावी हे मुंगसाच्या ओरडण्यावरून.

याच सुमारास इंग्लंडमध्ये दोन उलट वाटा निघाल्या. बीट्रिक्स पॉटरने 1902 पासून प्राण्यांना कोट, टोप्या आणि आडनावं दिली. 1908 सालच्या जेमायमा पडल-डक या बदकिणीच्या आडनावातच डबकं आहे. त्याच वर्षी केनेथ ग्रॅहमने ‘द विंड इन द विलोज’मध्ये मात्र चिचुंद्रीसारख्या बिळकऱ्याला नुसतं मोल, पाणउंदराला रॅट आणि बॅजरला बॅजर म्हटलं. प्रत्येक जातीचा एकच ठळक प्राणी असेपर्यंत हे निभतं. पाणमांजराचं हरवलेलं पिल्लू कथेत आलं, तेव्हा त्याला पोर्टली हे वेगळं नाव द्यावंच लागलं.

माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं वर्ष 1972. रिचर्ड ॲडम्सच्या ‘वॉटरशिप डाउन’ने पहिल्यांदा ठामपणे विचारलं: हे नाव ठेवलं कुणी? लेखकाने की सशांनी? त्याच्या सशांना चारपर्यंतच मोजता येतं; त्यापुढचं सगळं ‘ह्राइर’, म्हणजे पुष्कळ. मोठ्या वेतातला सगळ्यांत लहान ससा म्हणून फायव्हरचं सशांच्या भाषेतलं नाव ह्राइरू, त्यातला ‘रू’ लाडाचा. ‘रा’ हा प्रत्यय म्होरक्याचा. हेझल पुढारी झाला की तो हेझल-रा होतो. डोक्यावर केसांचा झुबका असलेल्याला थ्लायली म्हणतात. बाकी पुष्कळ नावं सशांना रोज दिसणाऱ्या झाडाझुडपांची आहेत. नावांमागे मोजणी, हुद्दा आणि नाकासमोरची वनस्पती आहे. माणसाची नजर नाही. 2003 साली सुरू झालेल्या ‘वॉरियर्स’ मालिकेत रानमांजरांच्या टोळ्यांनी हीच कल्पना नियमात बसवली: फायरपॉ हा शिकाऊ, फायरहार्ट हा योद्धा, फायरस्टार हा टोळीप्रमुख. पुढचा अर्धा भाग कायम राहतो म्हणून वाचक हरवत नाही. दोन्ही भाग बदलले असते तर दर पुस्तकाला नावांची यादी जोडावी लागली असती.

‘नाव कुणी ठेवलं’ या कसोटीवर जुनी नावंही तपासता येतात. लघुपतनक म्हणजे हलकेच उडणारा, पण कावळ्यांच्या थव्यात हलकं कोण उडत नाही? हे नाव खालून वर पाहणाऱ्या माणसाने ठेवलेलं आहे. नवे लेखक इथेच सर्वाधिक घसरतात. साळिंदराला काटेरी, खारीला झुपकेदार, ससुल्याला लांबकान्या अशी नावं त्या त्या जातीत कुणालाच कुणापासून वेगळं करत नाहीत. आधी ठरवावं की नाव आईने ठेवलं, कळपाने की शत्रूने. मग त्या प्राण्याला जग कशाने कळतं ते पाहावं: कोल्ह्याला वासाने, घुबडाला आवाजाने, बिळात राहणाऱ्याला स्पर्शाने. जवळजवळ आंधळ्या बिळकऱ्यांच्या वस्तीत ‘काळ्या’ हे नाव पडणार नाही, ‘ओलसर’ पडेल.

मराठीत लिहिताना आणखी दोन अडचणी येतात. पहिली लिंगाची. वाघोबा, कोल्होबा, चिऊताई या घरगुती नावांनी ती झाकली जायची, पण ती हाक मारण्याची रूपं आहेत, एका जातीला एकच पुरतात आणि लांब कथेत बाळबोध वाटू लागतात. अस्वल, हरीण, घुबड, कासव, मुंगूस हे सगळे नपुंसकलिंगी. ‘घुबड म्हणालं’ पाच वेळा झालं की रानातल्या म्हाताऱ्या सल्लागाराचा दरारा जातो. नाव आलं की तो किंवा ती ठरते, म्हणून अशा प्राण्यांची नावं कथेत लवकर यावीत, दुसऱ्या-तिसऱ्या संवादापर्यंत.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. हुदहुद पक्ष्याला ‘तुरा’ हे नाव छान वाटतं, पण मग ‘तुराने सांगितलं’ की ‘तुऱ्याने सांगितलं’? पहिलं कानाला अडखळतं, दुसऱ्यात नाव पुसलं जाऊन डोक्यावरची पिसं उरतात. आकारान्त वस्तुनामांचं हे नेहमीचं दुखणं. काळ्या, बंड्या यांसारखी ‘या’ने संपणारी, दगडूसारखी ऊकारान्त आणि ईकारान्त नावं प्रत्यय लागले तरी मोडत नाहीत, ‘तुऱ्या’ किंवा ‘तुरू’ केलं की काम होतं. प्रत्येक नावाला ने, ला, चा आणि संबोधन लावून मोठ्याने म्हणून पाहावं. दोन-तीन अक्षरांपलीकडचं नाव संवादात आपोआप तुटतं, तेव्हा तुटलेलं रूपही आपणच ठरवून ठेवलेलं बरं. एकत्र वावरणाऱ्यांची आद्याक्षरं वेगळी असावीत. हिरण्यक आणि हिरवू एकाच प्रसंगात आले, तर कोण बोललं हे पाहायला वाचक मागे जातो, आणि पाठलागाच्या प्रसंगात मागे गेलेला वाचक बहुधा तिथेच पुस्तक मिटतो.