चवळीचं कॅव्हिआर: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका थट्टेची पार्श्वभूमी

टेक्सासमध्ये ३१ डिसेंबरच्या रात्री कुणाकडे जेवायला गेलात आणि यजमानीणबाईंनी ‘आज कॅव्हिआर आहे’ म्हणून सांगितलं, तर माशाची खारवलेली, भलतीच महाग अंडी मिळणार म्हणून हुरळून जाऊ नका. वाडग्यात चवळी असते. शिजवलेली, तेल-व्हिनेगरात मुरलेली, सोबत कांदा आणि ढोबळी मिरची. हल्ली त्यात मक्याचे दाणे, काळा राजमा, ॲव्होकाडो, कोथिंबीर असं काय काय पडतं आणि मक्याच्या चिप्सनी ते उचलून खातात. माशाचा काडीचा संबंध नाही. टेक्सासात तिला ‘टेक्सास कॅव्हिआर’ म्हणतात, इतरत्र ‘काउबॉय कॅव्हिआर’, मिसिसिपीत अर्थातच ‘मिसिसिपी कॅव्हिआर’. २०२२ च्या उन्हाळ्यात टिकटॉकवर तिची लाट आली आणि दक्षिणेशी घेणंदेणं नसलेले लोकही डबे भरभरून ती करू लागले.

नाव थट्टेचं आहे हे उघडच आहे. पण ज्या मुलखात ही थट्टा झाली, त्याच मुलखातल्या नद्यांत खरं कॅव्हिआर देणारे मासे होते, आणि माशांची अंडी तिथले लोक पिढ्यान् पिढ्या न्याहारीला खात होते. म्हणून या वाडग्याची हकीकत सांगताना एकीकडे चवळी आणि दुसरीकडे मासा, अशी दोन्ही सुतं हातात धरावी लागतात.

आधी चवळी. या पदार्थाचं श्रेय हेलन कॉर्बिट (१९०६–१९७८) यांना दिलं जातं. बाई टेक्सासच्या नव्हेत, न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातल्या. १९३१ साली, ऐन मंदीत, ऑस्टिनच्या विद्यापीठात केटरिंग शिकवण्याची नोकरी मिळाली म्हणून त्या नाइलाजाने दक्षिणेत आल्या. पुढे ह्यूस्टन कंट्री क्लबचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे आलं आणि १९४० च्या सुमारास तिथल्या वर्षअखेरीच्या मेजवानीत त्यांनी ही मुरवलेली चवळी मांडली. नववर्षाला चवळी खाल्ली की वर्ष बरकतीचं जातं, अशी दक्षिणेतली समजूत. ती टाळणं शक्य नव्हतं, आणि नुसती उकडलेली चवळी कॉर्बिटबाईंच्या घशाखाली उतरत नव्हती. त्यांनी तिचं लोणचं घातलं, असंच म्हणा ना.

‘टेक्सास कॅव्हिआर’ हे नाव पुढे, त्या ऑस्टिनच्या ड्रिस्किल हॉटेलात असताना, रूढ झालं असं सांगतात. १९५५ मध्ये डॅलसच्या नीमन मार्कस या उंची दुकानाच्या उपाहारगृहाची सूत्रं त्यांनी घेतली. १९५७ च्या त्यांच्या पुस्तकात मात्र कृतीचं नाव साधं आहे, ‘मुरवलेली चवळी’. चवळी डब्यातली, पाणी निथळून घेतलेली. तिच्यावर एक कप तेल, पाव कप वाइन व्हिनेगर, पातळ चिरलेला पाव कप कांदा, मीठ, मिरपूड आणि लसणाची एक अख्खी पाकळी. बरणी थंड जागी ठेवायची, एक दिवसाने लसूण काढून टाकायचा, आणि निदान दोन दिवस मुरू दिल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन आठवडे टिकते. मका नाही, टोमॅटो नाही, कोथिंबीर नाही. आजच्या रंगीबेरंगी कोशिंबिरीपेक्षा मला ही मूळ कृती जास्त पटते, कारण तिच्यात चवळीची चव लागते.

ही चवळी म्हणजे आपलीच, काळ्या डोळ्याची. हिची उसळ आपल्याकडे कुणाला अपूर्वाईची नाही. मूळ आफ्रिकेचं. तिथून फार प्राचीन काळी ती भारतात आली आणि आपण तिला इतकं घरचं केलं की परकेपणाचा मागमूस राहिला नाही. अमेरिकेत ती पोहोचली ती गुलामांच्या जहाजांबरोबर. पश्चिम आफ्रिकेतून माणसं कोंबून नेणाऱ्या जहाजांवर त्या माणसांचं खाणंही लादलेलं असे. कॅरोलिना-जॉर्जियाच्या भातशेतीवर राबणाऱ्यांनी आपल्या वाट्याच्या तुकड्यावर चवळी लावली, भाताबरोबर शिजवली. चवळी, भात आणि डुकराच्या मांसाचा तुकडा यांची ‘हॉपिन जॉन’ ही खिचडी १८४७ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या एका पाकपुस्तकात छापली गेली, म्हणजे तोवर ती मालकांच्या टेबलापर्यंत चढली होती. रांधणारे हात अर्थात गुलामांचेच.

गोऱ्या शेतकऱ्यांच्या लेखी मात्र चवळी बराच काळ गुरांचा चारा होती. अमेरिकेत तिला ‘काउपी’ हे गाईशी जोडलेलं नाव पडलं ते त्यातूनच. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात १८६३ च्या व्हिक्सबर्गच्या वेढ्यात दाणागोटा संपला, तेव्हा दक्षिणेच्या सैनिकांना चवळीच्या पिठाचे पाव खावे लागले. बाहेरून करपलेले, आतून कच्चे. त्या पावाची आठवण कुणीही प्रेमाने काढलेली नाही. नववर्षाच्या चवळीबद्दल एक लाडकी कथा आहे. उत्तरेच्या जनरल शर्मनच्या फौजेने दक्षिणेतलं सगळं धान्य लुटलं, चवळी तेवढी गुरांचं खाद्य म्हणून सोडून दिली, आणि तिच्यावर लोक जगले म्हणून ती शुभ ठरली. कथा छान आहे, पण ती सांगताना ज्यांनी ही चवळी शंभर-दीडशे वर्षं पिकवली आणि रांधली त्यांचं नावच गळतं. गुलामांना मुक्त ठरवणारा लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आला. कृष्णवर्णीय घरांत त्या दिवसाला आणि त्या दिवशीच्या जेवणाला जो अर्थ आहे, तो शर्मनच्या गोष्टीत सापडत नाही.

युद्धानंतर कापसाने जमिनीचा कस काढून घेतला, तेव्हा चवळीला पुन्हा भाव आला. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. टस्कीगीच्या संस्थेतले शेतीशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. आपल्याला ते भुईमुगामुळे माहीत, पण १९०३ मध्ये त्यांनी चवळीवरही पत्रक काढलं होतं. जमीन सुधारते आणि पोटही भरतं, हे त्यांचं खंडकऱ्यांना सांगणं. त्याच सुमारास पूर्व टेक्सासात अथेन्स या गावाभोवती चवळीचा धंदा उभा राहिला. कीड लागू नये म्हणून दाणे भट्टीत वाळवून विकायचे, मग डबाबंद कारखाने निघाले. गावाने स्वतःला चवळीची राजधानी म्हणवून घेतलं. कॉर्बिटबाईंच्या कृतीतली डब्यातली चवळी ही त्या धंद्याची देणगी. गुलामांच्या परसातला दाणा श्रीमंतांच्या क्लबात चांदीच्या भांड्यात गेला, आणि क्लबातल्या मंडळींना त्याची गंमत वाटावी म्हणून त्याला जगातल्या एका अतिमहाग पदार्थाचं नाव मिळालं. आफ्रिकेचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

आता मासा. १९४० साली कॅव्हिआर म्हणजे परदेशी चैन हे अमेरिकेत ठरून गेलं होतं. पण त्याआधी दोन पिढ्या चित्र उलटं होतं. अटलांटिक किनाऱ्याच्या नद्यांत स्टर्जन हा अजस्र मासा इतका होता की कोळी त्याला जाळी फाडणारी ब्याद समजत. १८७३ मध्ये हेन्री शाख्ट नावाच्या जर्मन माणसाने डेलावेअर नदीकाठी त्याची अंडी खारवून युरोपात पाठवायला सुरुवात केली, आणि शतक संपेपर्यंत अमेरिका जगातला मोठा कॅव्हिआर-निर्यातदार झाली. न्यू जर्सीत ‘कॅव्हिआर’ नावाची वस्तीच उभी राहिली. दारूच्या गुत्त्यांत ते फुकट ठेवत, खारट खाऊन तहान लागावी म्हणून. बराचसा माल युरोपात जाऊन रशियन म्हणून परत यायचा. डेलावेअर रिकामी झाली तशी नजर दक्षिणेकडे, कॅरोलिना आणि जॉर्जियाच्या नद्यांकडे वळली. स्टर्जनच्या मादीला अंडी धरायला दहा-वीस वर्षं लागतात. अंड्यांसाठी तिलाच मारायचं म्हटल्यावर हिशेब फार दिवस चालणार नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच धंदा बसला. १९९८ मध्ये संपूर्ण किनाऱ्यावर अटलांटिक स्टर्जनच्या मासेमारीला बंदी आली.

म्हणजे ह्यूस्टनच्या क्लबात चवळीवर विनोद होत होता, तेव्हा देशी कॅव्हिआर जवळपास संपलेलं होतं. अंडी खाणं मात्र संपलं नव्हतं, त्याला कॅव्हिआर म्हणत नव्हते इतकंच. व्हर्जिनियात वसंतात शॅड मासा समुद्रातून नदीत चढतो. आपल्याकडे जो पाला किंवा हिलसा, त्याच्याच गोतातला, तसाच काटेरी. त्याची गाबोळी डुकराच्या चरबीत मंद आचेवर परतायची. आच जरा वाढली की अंडी फटाफट उडतात, हे आपल्या कोकणातल्या सुगरणीला सांगायला नकोच. नॉर्थ कॅरोलिनात हेरिंगची अंडी डब्यात मिळत, ती कोंबडीच्या अंड्यांत फेटून न्याहारीला करत. नद्यांवरची धरणं, गढूळ पाणी आणि बेसुमार मासेमारी यांनी या दोन्ही माशांना खाली आणलं. व्हर्जिनियाने १९९४ मध्ये शॅडवर आणि नॉर्थ कॅरोलिनाने २००७ मध्ये हेरिंगवर बंदी घातली.

फ्लॉरिडातला मलेट म्हणजे आपला बोय. नोव्हेंबर-डिसेंबरात गाभोळीने जड झालेल्या माद्यांचे थवे किनाऱ्याने निघतात. कॉर्टेझ या गावची कोळी घराणी १८८० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिनातून येऊन वसलेली. त्यांनी तिकडची रीत बरोबर आणली: पिवळ्याधमक अंड्यांची जोडपिशवी अख्खी काढायची, मीठ लावायचं, दाबून, उन्हात वाळवायची आणि पातळ कापून खायची. इटलीत याच गोष्टीला बोटार्गा म्हणून सोन्याचा भाव आहे. तैवान-जपानचे व्यापारी कॉर्टेझला येऊ लागले तेव्हा गावाला आपल्या मालाची किंमत कळली, तोच १ जुलै १९९५ पासून फ्लॉरिडात गळफास जाळ्यांवर बंदी लागू झाली. बंदीला मतदारांनीच कौल दिला होता. बोय वाढले, पण कितीतरी कुटुंबांचा धंदा बुडाला. हौशी गळवाल्यांच्या संघटनांनी तो लढा किती जोर लावून लढवला हे पाहिलं, तर तो निव्वळ माशांच्या प्रेमाचा होता असं मला वाटत नाही.

मधल्या मध्ये एक चीजही या पदवीवर हक्क सांगतं. किसलेलं चेडर, मेयॉनीज आणि गोड लाल मिरची यांचं पिमेंटो चीज, ‘दक्षिणेचं कॅव्हिआर’. ते तसं न्यूयॉर्कहून खाली आलेलं आहे. जॉर्जियातल्या ग्रिफिन भागात मिरचीचे कारखाने निघाल्यावर दक्षिणेचं झालं. त्यावर जास्त थांबायला नको.

खरं कॅव्हिआर दक्षिणेत परत आलं ते भलत्याच माशांतून. १९८० च्या दशकात अमेरिकेने इराणी मालावर निर्बंध घातले, मग सोव्हिएत संघ फुटून कॅस्पियन समुद्रातल्या स्टर्जनची लूट सुरू झाली, आणि २००५ मध्ये तिथल्या बेलुगा या स्टर्जनच्या कॅव्हिआरची आयातच अमेरिकेने बंद केली. व्यापारी मिसिसिपी, टेनेसी, कंबरलँड नद्यांकडे वळले. तिथे पॅडलफिश आहे, वल्ह्यासारखं लांब नाक, तोंड उघडं ठेवून पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खाणारा. त्याचा एकमेव सख्खा भाऊ चीनच्या यांगत्सेत होता, तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं आहे. लुइझियानात बोफिन मिळतो, तिथल्या भाषेत ‘शूपिक’. मांस लवकर लिबलिबीत होतं म्हणून लोक फेकून देत. त्याची काळी अंडी आता ‘केजन कॅव्हिआर’ म्हणून न्यू ऑर्लीन्सच्या हॉटेलांत वाढतात. कृती सगळीकडे तीच. अंड्यांची पिशवी ताज्या माशातून काढायची, जाळीवर हलक्या हाताने फिरवायची म्हणजे दाणे खाली पडतात आणि पडदा वर राहतो. थंड पाण्यात धुवायचं, तीन ते पाच टक्के मीठ मिसळायचं, निथळायचं, डब्यात भरायचं. हात जड पडला की दाणे फुटून लगदा होतो.

कायद्याची गंमत अशी की अमेरिकेत डब्यावर नुसतं ‘कॅव्हिआर’ फक्त स्टर्जनच्या अंड्यांनाच लिहिता येतं. बाकीच्यांनी आधी माशाचं नाव लावायचं. पॅडलफिश स्टर्जनचा नातेवाईक असूनही त्याला सूट नाही. चवळीच्या वाडग्याला मात्र कुणी अडवत नाही, तिथे फसण्यासारखं काही नसतंच.

भाव आला तशी चोरीही आली. मिसूरीतलं वॉर्सा हे गाव पॅडलफिशसाठी प्रसिद्ध. तिथे सरकारी अधिकाऱ्यांनी वेषांतर करून खरेदीदारांशी व्यवहार केले आणि मार्च २०१३ मध्ये शंभराहून जास्त लोकांवर कारवाई जाहीर झाली. ओक्लाहोमाने वेगळी वाट काढली. २००८ मध्ये मायमी या गावाजवळ (फ्लॉरिडातलं मायामी नव्हे) राज्याच्या वन्यजीव खात्याने केंद्र उघडलं. गळाने पकडलेला पॅडलफिश तिथे न्यायचा. केंद्रातले लोक मासा मोजत, वय कळावं म्हणून जबड्याचं हाड ठेवून घेत आणि साफ केलेले तुकडे बांधून परत देत, तेही फुकट. मादी असेल तर अंडी खात्याची. खातं ती खारवून विकायचं आणि पैसा नद्यांच्या व माशांच्या देखभालीत जायचा. मासा धरणाऱ्याने तीच अंडी स्वतः विकली तर तो गुन्हा.