किशोरवयीनांची आबाळ व संरक्षण

घरातील मारहाण, सततचा धाक, पालकांचे व्यसन किंवा दीर्घकाळ होणारी आबाळ यांमुळे ज्यांची वाढ, शिक्षण व सुरक्षितता धोक्यात आली आहे, अशा साधारणपणे १० ते १८ वर्षे वयाच्या मुलामुलींना दिला जाणारा कायदेशीर, सामाजिक व मानसिक आधार. भारतात त्याची मुख्य चौकट बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याने घालून दिली असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आला. ज्या व्यक्तीजवळ मूल राहते तिनेच त्याला इजा केली असेल, त्याचे शोषण वा हेळसांड केली असेल, पालक सांभाळण्यास असमर्थ असतील किंवा वयाआधीच लग्न लावून दिले जाण्याचा धोका असेल, तर ते ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते.

तान्ह्या मुलाची आबाळ शेजाऱ्यांच्या लवकर ध्यानात येते; चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची तशी येत नाही. त्याचे शाळा बुडवणे, चिडणे, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणे हा वाह्यातपणा समजला जातो, आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी शाळा सोडणाऱ्या मुलीचे तर समंजस म्हणून कौतुकच होते. हीच या प्रश्नातील सर्वांत मोठी अडचण होय. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील अभ्यासात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक अत्याचार सोसल्याचे आढळले, आणि कुटुंबात मार खाणाऱ्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना आईवडिलांनीच मारलेले होते.

प्रत्येक आबाळीमागे क्रौर्य असतेच असे नाही. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी पाच-सहा महिने स्थलांतर करणारी कुटुंबे मुलांना आजी-आजोबांकडे ठेवतात किंवा फडावर सोबत नेतात. पहिल्यात देखरेख उरत नाही, दुसऱ्यात शाळा सुटते. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवण्याच्या भीतीपोटी तिचे लग्न लवकर उरकले जाते. अशा पालकांना गुन्हेगार ठरवून काही साधत नाही. तेथे गावात वसतिगृह आणि हंगामभर लक्ष ठेवणारे जबाबदार माणूस लागते.

संरक्षणाचा निर्णय जिल्ह्याची बाल कल्याण समिती घेते. अध्यक्ष व चार सदस्य असलेल्या या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. पोलीस, शिक्षक, डॉक्टर, सामाजिक कार्यकर्ता किंवा कोणीही जागरूक नागरिक मुलाला समितीपुढे आणू शकतो, आणि मूल स्वतःही तेथे जाऊ शकते. ही तरतूद किशोरवयीनांसाठी फार मोलाची आहे, पण ती त्यांना शाळेत क्वचितच सांगितली जाते. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत मुलाला समितीपुढे हजर करावे लागते. त्यानंतर सामाजिक चौकशीचा अहवाल १५ दिवसांत द्यावयाचा असतो. घरी जाऊन केलेल्या या चौकशीवरच पुढचे सारे अवलंबून असते, कारण मारणाऱ्या बापासमोर विचारलेल्या प्रश्नाला मूल खरे उत्तर देत नाही. मुलाचे म्हणणे वेगळे बसवून, घाई न करता ऐकून घेणे हे कौशल्याचे काम आहे.

बालगृहात ठेवणे हा कायद्याने शेवटचा उपाय मानला आहे. त्याआधी आजी, मावशी, काका अशा नात्यातील सुरक्षित घराचा किंवा प्रतिपालक कुटुंबाचा, म्हणजे मुलाला तात्पुरते सांभाळणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाचा, विचार करावा लागतो. महाराष्ट्रातील बालसंगोपन योजनेत एकपालक, गंभीर आजार वा कौटुंबिक संकट यांमुळे अडचणीत आलेल्या मुलांना कुटुंबातच राहण्यासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. रक्कम थोडी असली, तरी मुलाला गॅरेजात किंवा हॉटेलात कामाला लावण्यापासून घर परावृत्त होण्यास तिचा उपयोग होतो. गोव्यात २००३ च्या गोवा बाल अधिनियमामुळे मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयही आहे.

तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून शासकीय यंत्रणेमार्फत चालवली जाते. मात्र सुटका झाल्यावरही झोप न लागणे, दचकणे, स्वतःला इजा करणे किंवा धाकट्यांवर हात उगारणे सुरू राहू शकते. अशा वेळी शिक्षेपेक्षा नियमित समुपदेशन हवे असते, आणि तेही शक्यतो एकाच समुपदेशकाकडे, कारण विश्वास एकदा मोडलेल्या मुलाला आपली कहाणी दर वेळी नव्या माणसाला सांगणे जड जाते.

अठरा वर्षे पूर्ण होताच बालगृह सोडावे लागते. त्यानंतर अनुरक्षणगृहात (बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांच्या निवासात) किंवा आर्थिक साहाय्याच्या रूपाने साधारणपणे २१ व्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक स्थितीत २३ पर्यंत, आधार देता येतो. परतण्यास घर नसलेल्या तरुणाला या काळात राहण्याच्या जागेइतकीच ओळखपत्र, बँक खाते आणि कामाचे प्रशिक्षण यांची गरज असते. म्हणून ही तयारी बालगृहातील शेवटच्या दोन वर्षांत सुरू व्हावी लागते.