अल्झायमरचा जनुकीय धोका (लक्षणे नसलेल्या व्यक्तींतील)

स्मरणशक्ती आणि वागणे-बोलणे ठणठणीत असताना, आईवडिलांकडून आलेल्या जनुकांमुळे पुढे अल्झायमर (स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असलेला मेंदूचा आजार) होण्याची जी वाढीव शक्यता असते, तिला अल्झायमरचा जनुकीय धोका म्हणतात. धोका म्हणजे रोग नव्हे. सोलापुरात आजी घरचा रस्ता चुकू लागली की ‘म्हातारचळ’ किंवा ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवला जातो. निदान झाल्यावर मात्र लेक डॉक्टरांना हळूच विचारते, "आईचं असं झालं, मग माझंही होणार का?"

बहुतेक लेकींना याचे ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ देता येत नाही. ठाम ‘हो’ फार थोड्या घराण्यांत संभवते. एपीपी (२१वे गुणसूत्र), प्रिसेनिलिन-१ (१४वे) आणि प्रिसेनिलिन-२ (१ले) या जनुकांतील काही दोष रोग जवळजवळ अटळ करतात, तोही बहुधा साठीच्या आत. दोष आई किंवा वडील यांपैकी एकात असला, तरी प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा घराण्यांतील रुग्ण एकूण रुग्णांच्या १ टक्क्याहूनही कमी आहेत. त्यांतही अपवाद आढळतो. कोलंबियातील अशाच एका कुटुंबातील स्त्री दोष असूनही सत्तरीपर्यंत स्मृतिभ्रंशापासून दूर राहिली. तिच्या एपीओई नावाच्या दुसऱ्या एका जनुकात एक दुर्मिळ बदल दोन्ही प्रतींत (आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या) होता, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले.

उतारवयातील नेहमीच्या अल्झायमरशी सर्वांत घट्ट संबंध याच एपीओईचा आहे. तो १९व्या गुणसूत्रावर असतो आणि त्याचे २, ३ व ४ असे तीन प्रकार आहेत. ४ प्रकाराचा संबंध १९९३ साली उघड झाला. त्याची एक प्रत असल्यास धोका सुमारे तिप्पट, दोन असल्यास ८ ते १२ पट धरला जातो, तर २ प्रकारामुळे तो घटतो. हे आकडे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून आलेले आहेत, म्हणून सोलापूरच्या माणसाला ते जसेच्या तसे लावणे मला योग्य वाटत नाही. ४ प्रकार असलेले कित्येक जण शेवटपर्यंत धडधाकट राहतात, आणि तो नसलेल्यांनाही अल्झायमर होतो.

सोलापूरच्या तेलुगू व कन्नड भाषक कुटुंबांत मामा-भाचीच्या आणि आत्ये-मामे भावंडांच्या लग्नांची जुनी चाल आहे. अशा लग्नांतून कोणत्याही जनुकाच्या दोन सारख्या प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता वाढते. मामा-भाचीच्या अपत्यात ती आठात एक, तर सख्ख्या भावंडांच्या मुलांचे लग्न असल्यास सोळात एक असते. घराण्यात ४ प्रकार मुळात असेल, तरच याला अर्थ आहे.

चाचणीला रक्त किंवा लाळ पुरते. अवघड असते ते पुढचे. लक्षणे नसलेल्यांची एपीओई चाचणी सरसकट करू नये, असे तज्ज्ञांचे मत आहे, कारण निकालावर आजार टाळणारे औषध हाती नाही. तरी समुपदेशनासह निकाल सांगितलेल्या नातलगांत चिंता किंवा नैराश्य लक्षणीय वाढले नाही, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात दिसले. लेकॅनेमॅब, डोनॅनेमॅब ही नवी औषधे सुरुवातीची लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी आहेत. ४ प्रकाराच्या दोन प्रती असणाऱ्यांत त्यांमुळे मेंदूला सूज येण्याचा व रक्तस्रावाचा धोका जास्त असतो, म्हणून उपचारांआधी जनुक तपासतात. इथेच गुंता होतो. रुग्ण वडिलांत अशा दोन प्रती निघाल्या, तर प्रत्येक अपत्याकडे किमान एक गेलेलीच असते. मुलांनी चाचणी मागितलेली नसतानाही त्यांचे उत्तर वडिलांच्या कागदावर लिहिले जाते. म्हणून वडिलांचे रक्त घेण्याआधी मुलांना विश्वासात घ्यायलाच हवे.

जनुक बदलता येत नाही, पण इतर बरेच काही बदलता येते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४च्या आयोगाने बदलता येण्याजोगे १४ घटक सांगितले. हे सगळे दूर झाले, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा त्याचा अंदाज आहे. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि कमी शिक्षण यांच्यासोबत त्या यादीत बहिरेपणाही आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांचे कान निकामी होतात, हे चादरी-टॉवेलच्या या शहराला नवीन नाही. घराण्यात अल्झायमर असलेल्या विणकराने जनुक तपासण्याआधी कान तपासून घ्यावेत आणि गरज असल्यास श्रवणयंत्र लावावे.